पॅट्सी क्लाइन: मोठा आवाज राखून गाणारी बाई

कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलंय: "गॅदरिंगला पॅट्सी क्लाइनचं 'क्रेझी' गाणार आहे. ती तिशीतच गेली, गाजलेली गाणीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांच्या परंपरेत, तिला एवढं मोठं का मानतात? माझा आवाज मोठा आणि खडा आहे. मी तिच्याकडून काय घेऊ?"

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मुंबईच्या स्टुडिओंमधून वीसेक वर्षं कोरस गायले आणि आता बरीच वर्षं गाणं शिकवते. पॅट्सी क्लाइनची ओळख मला एका रेकॉर्डिस्टनं करून दिली. सेशन संपल्यावर त्यानं 'आय फॉल टू पीसेस' लावलं आणि म्हणाला, "ताई, ही बाई किती आवाज वापरत नाहीये ते ऐका." तेव्हापासून मी तिला त्याच कानानं ऐकत आले. तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला त्या वाक्यातच दिसतं. तिच्याकडे भिंत हलवणारा आवाज होता आणि तो राखून कसा गायचा हे ती शिकली. तेही मनाविरुद्ध, भांडत भांडत, काही वेळा अंगावर घाव सोसून. हे शिकणं तिच्या रेकॉर्डांमध्ये पायरी पायरीनं ऐकू येतं, म्हणून तिचं आयुष्य मी त्याच अंगानं सांगते.

तिचं खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. जन्म 8 सप्टेंबर 1932, व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टरचा. आई हिल्डा तेव्हा अवघी 16 वर्षांची. वडील लोहारकाम करायचे, वयानं आईपेक्षा खूप मोठे. कामाच्या मागे घर सारखं हलत राहिलं आणि शेवटी विंचेस्टरच्या साउथ केंट स्ट्रीटवरच्या एका लहानशा घरात थांबलं. वडील घर सोडून गेले. मुलीनं शाळा सोडली, कोंबड्या साफ करण्याच्या कारखान्यात काम केलं, औषधांच्या दुकानातल्या सोडा फाउंटनवर, म्हणजे थंड पेयांच्या काउंटरवर, उभी राहिली. आई शिवणकाम करायची. पुढे स्टेजवर घालायचे झालरींचे काउगर्ल पोशाख आईच शिवून द्यायची.

तेराव्या वर्षी तिला घशाचा संसर्ग आणि संधिवाताचा ताप झाला, जिवावरचं दुखणं. त्यातून उठल्यावर आपला आवाज एकदम मोठा आणि घुमणारा झाला, असं ती पुढे सांगायची. तापानं आवाज बदलतो का, यावर डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. तेरा-चौदाव्या वर्षी मुलींचाही आवाज उतरतो, हे मी क्लासमध्ये दरवर्षी पाहते. पण तिनं ते दान मानलं आणि तसं जपलं. तिला नोटेशन वाचता येत नव्हतं. पियानो कानानं ऐकून वाजवायची, चर्चमध्ये आईबरोबर गायची. विंचेस्टरच्या रेडिओ स्टेशनवर जाऊन स्वतःच "मला गाऊ द्या" म्हणून उभी राहिली, तेव्हा ती शाळकरी वयाचीच होती. 1948 च्या सुमारास कंट्री संगीताचं मुख्य ठाणं असलेल्या नॅशव्हिलला ऑडिशनलाही जाऊन आली, पण तिथे राहायला पैसे नव्हते, म्हणून परत फिरावं लागलं.

मग पुढची काही वर्षं तिनं आजूबाजूच्या गावांतले डान्स हॉल, क्लब, जत्रा गाजवल्या. 1952 मध्ये बिल पीअर नावाच्या बँडवाल्यानं तिला घेतलं. पॅटरसनवरून 'पॅट्सी' हे नाव त्यानंच दिलं. 1953 मध्ये जेराल्ड क्लाइनशी लग्न झालं, ते काही वर्षांत मोडलं, पण आडनाव राहिलं. या काळातलं तिचं गाणं तू डोळ्यांसमोर आण. समोर लोक नाचतायत, पितायत, एखादा साधा माइक आहे, मागे ड्रम आणि स्टील गिटार. अशा ठिकाणी आवाज फेकावाच लागतो. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलींचं असंच होतं. रात्रीत वीस गाणी, आणि प्रत्येकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं. गळा तयार होतो, पण त्याला एकच सवय लागते. पॅट्सीला योडलिंग आवडायचं, उडत्या चालीची गाणी आवडायची. हळू, दुःखी गाणी तिला नको असायची.

30 सप्टेंबर 1954 ला तिनं 'फोर स्टार' या रेकॉर्ड कंपनीशी करार केला. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात महागात पडलेलं काम हेच. मालक बिल मॅकॉल. कराराचा मजकूर असा की फोर स्टारकडे ज्यांचे हक्क आहेत तीच गाणी तिनं गायची. रॉयल्टी अडीच टक्क्यांच्याही आत. इतर कंपन्या त्याच्या जवळपास दुप्पट द्यायच्या. वर रेकॉर्डिंगचा खर्च तिच्याच वाट्यातून वळता व्हायचा. या करारात तिनं 51 गाणी रेकॉर्ड केली. त्यातलं गाजलं एक.

त्या पन्नासातली निम्मी गाणी तरी तू ऐक. आवाज तिचाच आहे, पोत तोच, खर्जातली उब तीच. पण गाणं कच्चं असलं की कसलेला गवईसुद्धा किती लाचार होतो, ते तिथे कळतं. चालीत जागा नसते, मग ती आवाजानं जागा तयार करायला बघते. एखादा शब्द उगाच चिरकवते, एखादी ओळ गुरगुरत म्हणते. अंगात ताकद आहे आणि ती लावायला काही मिळत नाही, अशी ती धडपड आहे. माझ्याकडे येणारी मुलं म्हणतात, "आवाज असला की झालं." त्यांना मी ही गाणी ऐकवते.

गाजलेलं ते एक गाणं म्हणजे 'वॉकिन आफ्टर मिडनाइट'. ते मुळात दुसऱ्या एका पॉप गायिकेसाठी लिहिलेलं होतं, तिच्या कंपनीनं नाकारलं. पॅट्सीलाही ते आवडलं नव्हतं. हे तर साधं पॉप गाणं आहे, असं तिचं म्हणणं. नोव्हेंबर 1956 मध्ये ते रेकॉर्ड झालं. 21 जानेवारी 1957 ला ती न्यू यॉर्कमध्ये आर्थर गॉडफ्रीच्या 'टॅलेंट स्काउट्स' या टीव्ही कार्यक्रमात गेली. तिला तिथे वेगळंच गाणं म्हणायचं होतं, आईनं शिवलेला काउगर्लचा पोशाख घालायचा होता. कार्यक्रमवाल्यांनी गाणंही बदललं आणि पोशाखही. साधा पार्टीचा ड्रेस घालायला लावला. नियमाप्रमाणे कलाकाराला घेऊन येणारा 'स्काउट' घरचा चालत नसे. हिल्डाचं आडनाव वेगळं होतं, त्यामुळे आईच स्काउट म्हणून उभी राहिली. टाळ्या मोजणारा काटा वर जाऊन थांबला आणि पॅट्सी जिंकली. रेकॉर्ड लोकप्रिय गाण्यांच्या कंट्रीच्या यादीत दुसऱ्या आणि पॉपच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली.

त्या रात्री नको असलेलं गाणं आणि नको असलेला पोशाख, दोन्ही तिच्या फायद्याचे ठरले. तिला हे पटायला आणखी चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत एकही गाणं चाललं नाही. 1957 मध्ये चार्ली डिकशी दुसरं लग्न झालं, 1958 मध्ये मुलगी झाली, 1959 मध्ये कुटुंब नॅशव्हिलला आलं. जानेवारी 1960 मध्ये ती 'ग्रँड ओल ऑप्री'ची सदस्य झाली. ऑप्री म्हणजे नॅशव्हिलचा शनिवार रात्रीचा रेडिओ कार्यक्रम, कंट्री गायकाला तिथे जागा मिळणं म्हणजे बिरादरीत घेतल्यासारखं. 1960 मध्येच फोर स्टारचा करार संपला आणि ती डेक्का या रेकॉर्ड कंपनीशी थेट जोडली गेली. आता गाणं निवडायला मोकळीक होती.

इथे ओवेन ब्रॅडलीबद्दल सांगायलाच हवं. डेक्काचं नॅशव्हिलचं सगळं काम हा माणूस बघायचा. स्वतः पियानोवादक, नाचाच्या बँडचा प्रमुख. सोळाव्या अॅव्हेन्यूवर त्यानं आणि त्याचा भाऊ हॅरॉल्ड यानं एक घर घेतलं आणि मागे लष्करी धाटणीची, अर्ध्या पिंपासारखी पत्र्याची शेड उभी केली. तोच 'क्वॉन्सेट हट' स्टुडिओ. फोर स्टारच्या काळातली पॅट्सीची गाणीही ब्रॅडलीच करायचा, पण तेव्हा गाणी दुसऱ्याच्या हातात होती.

काळही बदलला होता. 1956 नंतर एल्व्हिस आणि रॉक अँड रोलनं तरुण ऐकणारे ओढून नेले, कंट्रीच्या रेकॉर्डांचा खप कोसळला. तेव्हा आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा चेट अॅटकिन्स आणि डेक्काचा ब्रॅडली यांनी गाण्याचा बाज बदलला. फिडल (लोकसंगीताच्या ढंगानं वाजवलेलं व्हायोलिन) आणि स्टील गिटार मागे गेली. पियानो, मऊ कोरस, व्हायोलिनचा समूह पुढे आला. त्यालाच 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. जुन्या मंडळींना हा बाटवाबाटवीचा प्रकार वाटला आणि त्यांचं दुःख मला समजतं. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये वाजवणारे लोक ऐक: पियानोवर फ्लॉइड क्रेमर, उभ्या बेसवर बॉब मूर, ड्रमवर बडी हार्मन, गिटारवर ग्रेडी मार्टिन, कोरसला जॉर्डनेअर्स. तीन तासांचं सेशन, त्यात चार गाणी. लिहिलेली पार्ट्स क्वचित. जॉर्डनेअर्सपैकी नील मॅथ्यूजनं कॉर्डना आकडे द्यायची पद्धत काढली होती: षड्जाची कॉर्ड एक, मध्यमाची चार, पंचमाची पाच. गायिकेनं ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहायचा. आपण सरगम वेगळ्या कारणासाठी वापरतो, पण 'सा कुठेही धरा, नातं तेच' हा विचार तिथेही होता, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.

क्रेमरचा पियानो मुद्दाम ऐक. तो सूर सरळ लावत नाही, शेजारच्या सुरावरून घसरत मुख्य सुरावर येतो. आपल्या भाषेत कणस्वर. पियानोवर मींड निघत नाही, तरी त्यानं तिचा भास उभा केला.

16 नोव्हेंबर 1960 ला 'आय फॉल टू पीसेस' रेकॉर्ड झालं. हँक कॉक्रन आणि हार्लन हॉवर्डचं गाणं. एक-दोघांनी आधी नाकारलेलं. पॅट्सीनं ते मागून घेतलं खरं, पण सेशनला आल्यावर जॉर्डनेअर्सना बघून बिथरली. चार पुरुष मागे गाणार म्हणजे आपला आवाज बुडणार, अशी तिला भीती. मी कोरसमध्ये उभी राहिलेली आहे, म्हणून सांगते, मुख्य गायकाची ही भीती खरी असते. कोरस नीट बसवला नाही तर तो गायकाच्या अंगावर येतो. पण जॉर्डनेअर्स एल्व्हिसमागे गायलेले लोक होते, कुठे ओठ मिटायचे हे त्यांना ठाऊक होतं. ते जवळजवळ श्वासासारखे गातात आणि त्या मऊ गादीवर पॅट्सीचा आवाज आपोआप उठून दिसतो. तिला ओरडायची गरजच उरत नाही. पहिल्यांदा तिनं आवाज मागे ओढला तो इथे. कोरस नसता तर कदाचित ओढला नसता.

रेकॉर्ड जानेवारी 1961 मध्ये निघाली आणि मुंगीच्या पावलानं चढत ऑगस्टमध्ये कंट्रीच्या यादीत पहिली आली. पण ते शिखर तिनं पाहिलं तेव्हा ती अंथरुणातून नुकतीच उठली होती. 14 जून 1961 ला नॅशव्हिलजवळ मॅडिसनला तिच्या भावाची गाडी समोरून आलेल्या गाडीवर आदळली. गाडीत पुढे बसलेली पॅट्सी काचेवर फेकली गेली. कपाळ फाटलं, कमरेचा सांधा निखळला, मनगट मोडलं, बरगड्यांना मार बसला. जवळपास महिनाभर इस्पितळ. पुढे आयुष्यभर कपाळावरचा व्रण झाकायला विग, रुंद पट्ट्या आणि जाड मेकअप.

त्याच दिवसांत केंटकीतून नवी आलेली गायिका लॉरेटा लिन एका रेडिओ कार्यक्रमात पॅट्सीसाठी म्हणून 'आय फॉल टू पीसेस' गायली. पॅट्सीनं खाटेवरून ते ऐकलं आणि नवऱ्याला पाठवून तिला बोलावून घेतलं. तिथून मैत्री जडली. पॅट्सीनं तिला कपडे दिले, स्टेजवर कसं वागायचं, पैसे कसे मागायचे हे शिकवलं. डॉटी वेस्ट या दुसऱ्या गायिकेलाही असाच आधार दिला. कार्यक्रमाचे पैसे रोख हातात पडल्याशिवाय ती स्टेजवर पाऊल ठेवत नसे. त्या धंद्यात बायकांचे पैसे बुडवणं सर्रास चालायचं, त्यामुळे या हट्टाचं मला कौतुकच वाटतं. 1952 मध्ये किटी वेल्स कंट्रीच्या यादीत पहिली आलेली पहिली एकटी गायिका ठरली होती, तरी बायकांच्या रेकॉर्ड खपत नाहीत असं कंपन्यांचे लोक बिनदिक्कत म्हणायचे.

29 जुलैला, म्हणजे अपघाताला सात आठवडेही झाले नसताना, तिनं ओक्लाहोमातल्या टल्साच्या बॉलरूममध्ये कार्यक्रम केला. त्याची टेप सापडून 1997 मध्ये बाहेर आली. गाण्यांच्या मधे ती लोकांशी अपघाताबद्दल बोलते, हसते. आवाज मोठाच आहे, पण कुठे जोर लावायचा हे ती तोलते आहे, असं मला प्रत्येक वेळी जाणवतं.

आता तुझं गाणं, 'क्रेझी'. विली नेल्सन तेव्हा टेक्ससमधून आलेला, अजून नाव न झालेला गीतकार. त्यानं चार्ली डिकला गाणं ऐकवलं आणि दोघं रात्री उशिरा ते घेऊन घरी आले. पॅट्सीला आवडलं नाही. विलीच्या डेमोत, म्हणजे नमुन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये, तो शब्द ठेका सोडून जवळजवळ बोलल्यासारखे म्हणतो, कधी तालाच्या पुढे, कधी मागे. तिला ते पकडता येईना. कंट्रीच्या नेहमीच्या तीन कॉर्डांपेक्षा या चालीत कॉर्डही कितीतरी जास्त.

21 ऑगस्ट 1961 ला ब्रॅडलीनं सेशन लावलं. तीन तासांत चार गाणी करणारे लोक या एका गाण्यावर चार तास बसले. साथ जमली, ठेका जमला, पियानो आणि बेस जमले. पॅट्सीला वरचे सूर लागेनात. बरगड्या दुखत होत्या.

हे मी स्वतः भोगलंय. काही वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि माझ्या दोन बरगड्यांना तडा गेला. बोलता येत होतं. खर्जाचा सा लागत होता. पण मध्यमाच्या वर गेलं की बरगड्यांचा पिंजरा फुगवून धरावा लागतो आणि तिथे सणक यायची. सूर चुकायचा नाही, मधेच तुटायचा. शरीर आपसूक हात सोडायचं. कुठलाही रियाझ तिथे उपयोगी पडत नाही, हाड सांधायची वाट बघावी लागते.

ब्रॅडलीनं वाट बघितली. त्या काळी सगळे एका खोलीत एकदम गायचे-वाजवायचे आणि जे होईल ते टेपवर जायचं. पण त्याच्याकडे तीन ट्रॅकचं मशीन होतं. त्यानं साथ टेपवर ठेवली आणि पॅट्सीला घरी पाठवलं. काही दिवसांनी ती परत आली, एकटीनं त्या साथीवर गायली, आणि एका टेकमध्ये गाणं झालं. आज आपण रोज ट्रॅकवर आवाज डब करतो, तेव्हा तो नाइलाजानं काढलेला मार्ग होता.

त्या नाइलाजानं काय घडलं बघ. पहिल्या दिवशी ती वादकांसमोर गात होती. परत आली तेव्हा समोर कुणी नव्हतं. कानात तयार साथ, घरी मुरलेली चाल, आणि बरगड्या अजून पुरत्या बऱ्या झालेल्या नसणार. जोर लावून काही मिळवायचं नव्हतंच. विलीच्या उच्चाराची नक्कलही तिनं सोडून दिली होती. शब्द ती ठेक्याच्या किंचित मागे ठेवते, पण ओळीच्या शेवटी बरोबर येऊन मिळते, जशी एखादी ठुमरी गाणारी समेची काळजी न करता समेवर येते. गाणं काळी पाचमध्ये सुरू होतं आणि शेवटच्या भागात अर्ध्या सुरानं चढून पांढरी सातवर जातं. तिथे ऐकणाऱ्याला वाटतं, आता ही आवाज सोडणार. ती चढते, तेवढ्यापुरता आवाज उघडते आणि लगेच मिटून घेते. मागचा सगळा आवाज शिल्लक आहे हे आपल्याला कळतं, म्हणून ते काळजाला लागतं. गाणं कंट्रीत दुसरं, पॉपमध्ये नववं आलं.

त्याच ऑगस्टमध्ये तिनं 'वॉकिन आफ्टर मिडनाइट' पुन्हा रेकॉर्ड केलं, या वेळी जॉर्डनेअर्सना घेऊन. 1956 चं आणि 1961 चं, दोन्ही एकामागे एक लाव. गाणं तेच, गायिका तीच, स्टुडिओतला माणूसही तोच. पहिल्यात ती रस्त्यावर कुणाला तरी हाक मारतेय. दुसऱ्यात ती चालता चालता स्वतःशी बोलतेय. मला स्वतःला पहिलंच अधिक आवडतं, त्यातल्या स्टील गिटारसाठी आणि त्या विशी-पंचविशीतल्या बेफिकिरीसाठी. पण गाणं शिकायला दुसरं घे.

पुढचं दीड वर्ष भरभर गेलं. नोव्हेंबर 1961 मध्ये ऑप्रीची मंडळी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायली, त्यात ती होती. डिसेंबरमध्ये 'शीज गॉट यू' रेकॉर्ड झालं, ते पुन्हा पहिलं आलं. 1962 मध्ये मनासारखं घर घेतलं, त्याचे हप्ते फेडायला वर्षाअखेर लास व्हेगासमध्ये 35 दिवस सलग कार्यक्रम केले. शाळा सोडून सोडा फाउंटनवर उभी राहिलेली मुलगी स्वतःच्या कमाईचं घर सजवत होती.

3 मार्च 1963 ला कॅन्सस सिटीत अपघातात गेलेल्या एका रेडिओ निवेदकाच्या कुटुंबासाठी मदतीचा कार्यक्रम होता. पॅट्सीला फ्लू झालेला, तरी एका दिवसात तीन खेळ केले. दुसऱ्या दिवशी धुक्यामुळे विमान निघालं नाही. डॉटी वेस्टनं गाडीतून चल म्हटलं, पण लांबचा पल्ला होता आणि पॅट्सीला मुलांकडे लवकर पोचायचं होतं. 5 तारखेला चौघं निघाली: तिचा मॅनेजर रँडी ह्यूज विमान चालवत होता, बरोबर काउबॉय कोपास आणि हॉकशॉ हॉकिन्स हे गायक. टेनेसीतल्या डायर्सबर्गला इंधन भरलं. हवा वाईट होती, आणि केवळ उपकरणांवर विसंबून उडायचं प्रशिक्षण रँडीकडे नव्हतं. संध्याकाळी कॅम्डेनजवळच्या जंगलात विमान कोसळलं. कुणी वाचलं नाही. पॅट्सी 30 वर्षांची होती. घरी चार वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. तिला विंचेस्टरला नेऊन पुरलं.

1973 मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये एकटीच्या नावानं निवडली गेलेली ती पहिली बाई. 1967 मध्ये निघालेला निवडक गाण्यांचा संग्रह अमेरिकेत एक कोटीच्या वर गेला. तुझ्या पहिल्या प्रश्नाला हे आकडे पुरतील, पण मी ते शेवटी सांगितले, कारण तिचं मोठेपण मला तिच्यानंतरच्या गायिकांत जास्त ऐकू येतं. कंट्रीत बाईनं मंद, दुःखी गाणं म्हटलं आणि आवाज दाबून धरला, की तिथे पॅट्सी असते.

गॅदरिंगसाठी एवढंच कर. पट्टी तिची घेऊ नकोस. या चालीचे खालचे सूर खर्जाकडे जातात, तिचा आवाज तिथे भरीव होता. तुझा तिथे विरत असेल तर पट्टी वर घे, संकोच नको. गाणं आधी आठवडाभर माइकशिवाय, पंखा बंद करून, समोर बसलेल्या एका मैत्रिणीला सांगितल्यासारखं म्हण. मोठा आवाज असलेल्या मुलीला हे सगळ्यात कठीण जातं, मला माहीत आहे. शेवटची चढण आली की जेवढा आवाज सोडावासा वाटेल त्याच्या अर्धाच सोड. तिचे उच्चार उचलू नकोस, तिनंही विलीचे उचलले नव्हते.

आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री एकच गाणं ऐक, 'फेडेड लव्ह'. 4 ते 7 फेब्रुवारी 1963 या तिच्या शेवटच्या सेशनांतलं, विमान पडण्याच्या महिनाभर आधीचं. व्हायोलिनचा समूह आहे, कोरस आहे. हेडफोन लावून शेवटच्या शब्दाआधी थांब. तिथे ती श्वास घेते, अर्धा हुंदका असल्यासारखा, अगदी स्पष्ट, आणि मग शेवटचा सूर लावते. आजच्या स्टुडिओत एडिट करणारा पोरगा तो श्वास पहिल्या फटक्यात काढून टाकेल. ब्रॅडलीनं तो ठेवला.